परक्या नावाची कळशी

मी एक जुनी स्टीलची कळशी आहे. मित्रांनो, जवळ या, पण मला वाजवून बघू नका. उभ्या जन्मात इतक्या जणांनी संशयानं मला वाजवलं आहे, की कुणाचं बोट वळलेलं दिसलं तरी मला वाटतं, आला हा वाजवायला.

माझ्या गळ्याखाली नाव घातलं गेलं ते बारामतीच्या एका भांड्यांच्या दुकानात. कळंबचा एक बाप लेकीच्या लग्नासाठी मला घ्यायला आला होता. मशीनवाल्यानं विचारलं, "नाव काय घालू?" त्यानं सवयीनं घरातलं नाव सांगितलं, "नकोशी." नाव घालून झालं आणि पोरीच्या आईनं कपाळावर हात मारला. "आवं, हे नाव सासरी धाडता व्हय?" दोघं दुसरी कळशी घेऊन गेली. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं कोण घेणार? चार वर्षं मी माळ्यावर धूळ खाल्ली. मग १९९६ साली शेजारच्या गाळ्यावर 'कोणतीही वस्तू पंचवीस रुपये' अशी पाटी लागली आणि माझी रवानगी तिकडं झाली.

गाळण्या, साबणदाण्या, प्लॅस्टिकचे मग, यांत मी एकटीच स्टीलची. गिऱ्हाइकं चपापायची. "पंचवीसला स्टील? भोक असंल कुठंतरी." दुसरी नाव बघून म्हणायची, "चोरीची दिसतीय." खरं सांगते, मलाही माणसांचा भरवसा उरला नव्हता. कळस गावच्या सारजानं मात्र मला वाजवलं नाही. नावावरून बोट फिरवलं, पैसे दिले आणि मला पदराखाली झाकून निघाली. झाकायचं कशाला? मला तेव्हाच शंका आली.

घरी सासू भामाबाईंनी मला उलटंपालटं केलं. वाचता येत नसलं, तरी नाव आहे एवढं त्यांना कळलं.

"कुणाचं भांडं उचलून आणलंस?"

"इकत आणलंय, आत्या."

"परक्याच्या नावाचं कोण इकतं गं?"

शेजारच्या रंगूबाईंनी हे ऐकलं. त्यांच्या लेकाच्या लग्नात एक कळशी हरवली होती. "ही माझीच!" म्हणत त्या धावत आल्या. बाया जमल्या. सारजाला चोर ठरवायला आता फक्त वाचणारं माणूस हवं होतं. शाळेतल्या विनयाला हाक मारली. तिनं वाचलं, "न-को-शी." रंगूबाईंना एकदम चुलीवरची भाकरी आठवली आणि त्या निघून गेल्या. भामाबाई मात्र हटल्या नाहीत.

"मग ही नकोशी कोण?"

सारजाला रडू फुटलं. "मीच, आत्या. चौथी पोरगी म्हणून नाव ठिवलं. सोयरीक जमवताना आईनं दडवलं. शाळंत दोन म्हयनं गेले, तेवढंच नाव वाचाय येतंय. ते त्या ढिगात पडलेलं बघवंना मला."

ही कळंबचीच लेक की दुसरी एखादी नकोशी, ते मला कळलं नाही. भामाबाईंनी मला कोपऱ्यात सारलं. आता आपण उकिरड्यावर जाणार, असं मी धरून चालले. पुढच्या बाजारी त्या मला घेऊन इंदापूरला नाव घालणाऱ्याकडं गेल्या.

"ह्याच्या शेजारी सारजा घाल."

"आन् जुनं खोडू का?"

"खोडू नगंस. तीबी आमचीच हाय."

मित्रांनो, आता मला पोचे पडलेत. कधी मला घासायची वेळ आलीच, तर राख हवी तेवढी लावा. त्या दोन नावांवरून मात्र हात हलका फिरवा.