झाकण लावलं की बंद

“आधी ऐक, मग हात लाव,” वार्सिनीचा नवरा सुपार्तो बजावायचा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. रमजानआधी सासूबाईंना त्याच्या कबरीवर न्यायचं तिनं कबूल केलं होतं, आणि रमजान तर उद्यावर आला होता.

ती गाडीचं इंजिन कान देऊन ऐकत होती. एअर फिल्टरचं झाकण काढलं की उभी गाडी निवांत चाले, लावलं की धडधडून बंद पडे. स्क्रू पिळला, प्लग पुसले, तरी काही उमजेना.

“गाडी झाकणावर रुसलीय का गं?” सासूबाई हसल्या. “मेरापी ज्वालामुखीची राख पडली, तेव्हा तूच काहीतरी बांधलं होतंस ना तिथं?”

झाकणाच्या हवा ओढणाऱ्या नळीवरचं फडकं राखेनं दगड झालं होतं. स्वतःच बांधलेलं, तरी विसरले कशी? तिनं ते सोडून झाकण लावलं, तरी इंजिन चालूच राहिलं. मग तिनं सासूबाईंना बसवलं आणि गाडी हळूच कबरस्तानाकडे वळवली.