सहावा आकडा

सी-प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला मी दुसऱ्यांदा बसलेली. मागच्या वर्षी तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसली आणि उडाले. यंदाही उडाले तर पुढच्या वर्गात बसताच येणार नाही, अख्खं वर्ष फुकट. सकाळी आई म्हणाली, "आकांक्षा, दोन घास खाऊन जा गं," तर मी तिच्यावरच खेकसले.

तसा परळच्या आमच्या कॉलेजात माझा भाव वधारलेला होता. माझ्याकडे मागच्या वर्षीचं पूर्ण जर्नल होतं ना! पानापानावर प्रॅक्टिकल घेणाऱ्या माधव सरांची सही. माझ्या बाजूला बसणाऱ्या अनिशने त्याचे फोटो ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांनी ते घोकलं. समजून घ्यायला वेळ आहे कुणाला?

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी आमच्या सहा जणांच्या रांगेला एकच प्रश्न दिला. ॲरेत पाच आकडे भरा आणि पॉइंटरने छापा. हे तर पाठच होतं! धडाधड टाइप केलं. स्क्रीनवर दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास आले. आणि त्यांच्याखाली बत्तीस हजार सातशे काहीतरी.

हा मेला कुठून उपटला? अनिशच्या स्क्रीनवर पाहिलं, तिथेही पाच आकडे बरोबर आणि सहावा भलताच. मग जर्नलमधली ओळ आठवली. मोजणी शून्यापासून सुरू होते आणि मी ती पाचपर्यंत नेलेली. म्हणजे सहा फेऱ्या.

मॅडम रांगेतून फिरल्या. "सहाही जणांची चूक एकच? कुणाची कॉपी आहे ही? ज्याला चूक सांगता येईल त्याने उभं राहा. नाहीतर सगळे नापास."

सगळे खाली बघू लागले. मी खुर्ची मागे सारली आणि उभी राहिले.

"मॅडम, जर्नल माझं आहे. ॲरे म्हणजे चाळीतल्या ओळीने लागलेल्या पाच खोल्या. पॉइंटर दारोदार फिरतो. मी त्याला एक दार पुढे पाठवलं. ती खोली आपली नाही. तिथे जे पडलं होतं ते त्याने उचलून आणलं."

"हे जर्नल तपासलं कुणी?"

माधव सर भिंतीशी उभे होते. कसेबसे म्हणाले, "माझी सही आहे. न वाचता केली."

मॅडमनी माझ्यासमोरच माझे मार्क लिहिले. पास! जीव भांड्यात पडला असं म्हणायला तोंड उघडणार, तोच त्या बाकीच्यांकडे वळल्या. "तुम्ही पाचजण नवा प्रश्न घ्या. जर्नलमध्ये नसलेला."

अनिशने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचा हात की-बोर्डवर होता आणि एकही बोट हलत नव्हतं.