नॅनच्या गावाहून निघताना

तर ही गोष्ट मेधाची आणि तिच्या आईची, वनिताकाकूंची. ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये यांच्या शेजारी नॅन राहायची, माओरी आजी. काकूंची दुपारची शिफ्ट, त्यामुळे मेधा शाळेतून सरळ नॅनकडे. दहा वर्षं पोरगी तिच्याकडेच वाढली म्हणा ना. आणि मागच्या महिन्यात नॅन गेली. तिची नात हाना फोनवर म्हणाली, नॅनला गावी नेलंय, गिसबर्नच्याही पुढे, याल का?

सात तास ड्राइव्ह. मेधा इथेच वाढलेली, पासपोर्ट इथला, पण रोटोरुआच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. रस्ताभर एकच धास्ती, नॅनला नीट निरोप द्यायचाय, आपल्या हातून काही चुकायला नको.

गावच्या सभाघराच्या दारातून एका बाईने लांब सुरात गाऊन यांना आत बोलावलं, मेधाच्या अंगावर काटाच आला. चपला काढून आत गेल्या तर नॅन उघड्या पेटीत, आणि भोवती गाद्या टाकून तिच्या मुली. तिथेच झोपतायत, रडतायत, मध्येच तिचे किस्से सांगून हसतायत.

"एक मिनिट एकटं सोडत नाहीत गं हिला," काकू हळूच म्हणाल्या.

सगळ्यांना नाकाला नाक लावून भेटल्या, रात्री तिथेच झोपल्या, सकाळी टेकडीवर नॅनला माती दिली, फाटकाशी नळावर हात धुतले. सगळं नीट झालं. आणि मग काकूंनी मेधाचं मनगट धरलं.

"चल. मोटेलवर जाऊन आधी आंघोळ. कोणाला येते म्हणू नकोस."

"हानाला तरी सांगते ना."

"अशा घरून निघताना सांगायचं नसतं, परत येणं होऊ नये म्हणून. आणि जेवायचं तर नाहीच, सुतक आहे त्यांना."

सगळे जेवणाच्या हॉलकडे, या दोघी गाडीकडे. गाडी सुरू केली तेवढ्यात काचेवर टकटक. हानाची मावशी, नॅनची थोरली. मागे हाना, डोळे लाल.

"आमचं काही चुकलं का?" मावशीने विचारलं.

झालं, मेधाने भडाभडा सगळं सांगून टाकलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्यात उलटं आहे. सगळ्यांबरोबर जेवलं की माणूस मेलेल्यांतून जिवंतांत परत येतो. तुम्ही दोघी अजून त्या टेकडीवरच आहात." मग काकूंकडे बघून म्हणाली, "आणि आमच्या आईने तुमच्या पोरीला कधी उपाशी घरी पाठवलंय?"

मेधा नॅनकडून पोट भरूनच यायची, घरची पोळीभाजी तशीच राहायची, आणि काकू रोज कुरकुर करायच्या. पण नॅनच्या हातचं त्यांनी स्वतः कधी खाल्लंच नव्हतं.

"गाडी बंद कर," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये हानाने न विचारताच काकूंसाठी मटण वगळून ताट आणलं. कुमारा, म्हणजे इथलं रताळं, वाफवलेलं, वर लोणी. काकूंनी घास घेतला.

"असंच द्यायची का गं ती तुला?"

"लोणी जास्त घालायची."

काकूंनी लोण्याची वाटी पुढे ओढली आणि चांगलं चमचाभर घेतलं.

निघताना मावशी दारापर्यंत आली. काकू थबकल्या. मेधा बघतच राहिली.

"येते हं," काकू म्हणाल्या. मराठीतच.

मावशीने त्यांच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "आंघोळ मात्र करायची हं."