दोन रिकामे पाट

चंपाषष्ठीच्या कुळाचारासाठी इंदूआत्या धारहून देवासला भाच्याकडे आल्या आणि पुढच्याच खोलीत त्यांना किळस आली. टेबलावर पाण्याचा रेणू होता. थर्माकोलचे तीन गोळे एका सरळ काडीत ओवलेले, वर चमकी, सांध्यांतून गोंदाच्या पिवळट तारा लोंबत असलेल्या.

"हे कुणाचं पाप?"

"रेडिमेड आहे, आत्या," अर्पित म्हणाला. "उद्या कृतिकाचं प्रदर्शन आहे. दुकानवाला म्हणाला, भिया, यही चलता है."

"शी! पाण्याचा रेणू असा सरळ असता तर तुझ्या वरणात मीठ विरघळलं नसतं."

धारच्या शाळेत विज्ञान शिकवताना त्या मुलींकडून ओल्या मातीचे गोळे आणि खराट्याच्या काड्या घेऊन रेणू करवून घेत. हात मळत, कोन चुकत नसे. आणि आता ही चकचकीत घाण!

अर्पितची लेक कृतिका रडवेली झाली. "पण आत्याआजी, ऑक्सिजन बीच में, दोन बाजूंना दोन हायड्रोजन. मग सीधाच ना? जजने विचारलं तर काय सांगू?"

तेवढ्यात पानं मांडली गेली. समईभोवती चार पाट. दोन कुमारिकांचे, कृतिका आणि शेजारची गुड्डी यांचे. उरलेले दोन खंडोबा-म्हाळसेचे, नेहमीसारखे रिकामे. देवांच्या पाटाला फ्रॉक लागू नये म्हणून दोघी एकमेकींकडे सरकल्या.

"तुझं कोपर लागतंय!" गुड्डी करवादली.

"मग सरक तिकडे," आत्या म्हणाल्या.

"कुठे सरकू? उधर देव बसलेत ना."

"दिसतात का गं?"

कृतिकाचा घास हातातच राहिला.

"ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या," आत्या म्हणाल्या. "चौघी एकमेकींना ढकलतात. दोघींच्या टोकाला हायड्रोजन, दोघींच्या टोकाला कुणीच नाही. पण जागा त्याच जास्त खातात. पाट जमिनीवर आहेत, जोड्या वर-खालीही पांगतात, एवढाच फरक."

जेवण होताच कृतिकाने काडी कडकन मोडली. आत्यांनी गोळा धरला. तिने दोन्ही हायड्रोजन एका अंगाला झुकवून बसवले आणि रिकाम्या टोकाच्या जोड्यांच्या जागी दोन कोरे द्रोण खोचले.

"हे काय टेढं-मेढं!" अर्पित ओरडला. "नंबर गेला समज."

"जाऊ दे, पप्पा. विचारलं तर सांगता तरी येईल."

आत्यांनी कौतुक केलं नाही. त्या मोरीवर बोटं घासत होत्या. साबणानेही चमकी निघेना.

"उद्या चहात सापडेल मेली," त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या. "आणि कृतिका, ते द्रोण अजून मोठे लाव."