मडक्यातले मणी

नुकतं उजाडलं होतं आणि वहिनींच्या गोठ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. तांबडी गाय चार दिवस तापाने फणफणली होती, लघवी लाल होत होती. तिच्या पोटाखाली पांढरी चादर अंथरलेली आणि बुवा चार हात लांब उभे राहून ओठ हलवत होते. तेवढ्यात टप्पकन एक करडा, टपोरा मणी चादरीवर पडला. मग दुसरा, मग तिसरा. बुवांनी गाईला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बघणाऱ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"मी ओढत नाही, मी तोडत नाही," बुवा म्हणाले. "बाधा माझं ऐकते आणि आपल्या पायांनी खाली उतरते."

पाय होतेच तिला, चांगले आठ. ते मणी म्हणजे रक्त पिऊन फुगलेले गोचीड होते. मी जनावरांच्या दवाखान्यात काचपट्ट्यांवरचं रक्त तपासतो, त्यामुळे ही मंडळी माझ्या रोजच्या ओळखीची. पण पिकतं तिथे विकत नाही. धाकट्या दिराचं कोण ऐकतो?

बुवांनी मणी कोऱ्या मडक्यात घातले, तोंडाला विरविरीत कापड बांधलं आणि मडकं गव्हाणीखाली ठेवायला लावलं. दोन महिने उघडायचं नाही, मणी चिरडायचा नाही, यापुढे गोठ्यात सुई टोचायची नाही. दोन महिन्यांनी बाधा वाळलेली दिसेल. आदल्याच दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईंनी तांबडीला इंजेक्शन दिलं होतं. दुपारपर्यंत गाय आजारातून उठली आणि श्रेय बुवांच्या पदरात पडलं.

मी वहिनींना म्हटलं, ते मडकं आजच्या आज जाळा. त्या चिडल्या.

"भावजी, गाय उठली ते मी डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या यंत्रात काय दिसतं ते मी पाहिलेलं नाही."

मलाही राग आला. वाद घालण्याऐवजी चादरीवरून घरंगळलेला एक मणी मी उचलला, दवाखान्यातल्या बाटलीत टाकला आणि वर कापसाचा घट्ट बोळा बसवला. तीन-चार दिवसांत गोचिडाने खसखशीसारखी अंडी घालायला सुरुवात केली. अंडी वाढत गेली आणि तो स्वतः वाळला, नुसतं साल उरलं. महिन्याभराने पिल्लं काचेवर चढू लागली, टाचणीच्या टोकाएवढी, हजारोंनी. मी खूश झालो. आता बुवांची जिरवतो, असं मनात म्हणालो. त्या खुशीची आज लाज वाटते, कारण तेच सगळं वहिनींच्या गव्हाणीखालीही चाललं होतं, आणि तिथे वर विरविरीत कापड होतं. त्याच सुमारास वहिनींनी एक गाभण गाय विकत आणून तांबडीशेजारी बांधली.

मडकं उघडायच्या दिवशी ती नवी गाय बसून होती. धाप लागलेली, लघवी लाल. बुवांनी कापड सोडून सुकलेली सालं तळहातावर दाखवली. "वाळली बाधा!" लोक खूश. आणि या गाईचं काय, असं वहिनींनी विचारलं, तर बुवा म्हणाले, ही दुसऱ्या कुणाची करणी, दुसरं मडकं आणा.

मी वहिनींच्या हातात बाटली दिली. तळाशी तसलंच साल होतं, आणि काचेवर पिल्लं वळवळत होती. त्यांनी ती उजेडात धरून फिरवून पाहिली.

"मग मडक्यातली पिल्लं कुठे गेली?"

मी नव्या गाईचा कान उलटा केला. आत गोचीडच गोचीड होते.

बुवा म्हणाले, बाधा काचेत कोंडणं पाप आहे. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "भावजी," त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना बोलवा."

गोष्ट साधी आहे. आजारी गाईच्या रक्तपेशींत एक सूक्ष्म जीव राहतो आणि त्या फोडतो, म्हणून लघवी लाल होते. गोचीड रक्त पितो तेव्हा तो जीव त्याच्या पोटात जातो आणि तिथून अंड्यांत. पिल्लं जन्मतःच तो घेऊन येतात आणि पुढच्या गाईचं रक्त पिताना तिला देतात. तांबडी त्या तापातून एकदा उठलेली, तिचं अंग त्याला सरावलं होतं; नव्या गाईचं नव्हतं. पोट भरलं की गोचीड आपणहून गळून पडतो, बहुधा सकाळीच. बुवांना एवढंच ठाऊक होतं, आणि एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

इंजेक्शनाने गाय चौथ्या दिवशी उभी राहिली. वासरू मात्र पोटातच गेलं. मडकं वहिनींनी स्वतः जाळलं होतं, आणि आठवड्याच्या आत शेजारचे दोघं बुवांनी बांधून दिलेली आपापली मडकी घेऊन माझ्या दारात हजर. मडकं जाळल्यावर गाय उठते म्हणे, तर ही तुमच्या हाताने जाळा. मी कपाळावर हात मारला. इंजेक्शन कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटी वहिनीच त्यांना म्हणाल्या, "आधी गाईच्या कानात बघा, मग दवाखान्यात जा."

मला नवा बुवा व्हायचं नाही. तेव्हा माझ्याही शब्दावर विश्वास ठेवू नका. एक टपोरा गोचीड बाटलीत ठेवा, बोळा घट्ट बसवा आणि महिनाभर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वहिनींनी एवढंच मागितलं होतं. अंडी दिसली त्याच दिवशी मी बाटली त्यांच्याकडे नेली असती, तर आज त्यांच्या गोठ्यात वासरू असतं.