'धन्यवाद' न म्हटलेला घोट

मी एका बैलाचे शिंग बोलत आहे. बैल गेला, एन्कार्नासिओन शहरातल्या एका कारागिराने मला पोखरले, घासले, तोंडाला धातूची कड बसवली आणि माझा पेला केला. विद्यापीठाला निघालेल्या झुनिल्डाच्या हाती तिच्या आईने मला दिले. तेव्हापासून मी वसतिगृहात तेरेरे पाजते.

तेरेरे म्हणजे येर्बा नावाच्या झाडाच्या वाळवलेल्या पानांवर ओतलेले गार पाणी. एकच पेला, एकच नळी, हातोहात फिरतात. पहिले पाणी कोणी पीत नाही. ते संत तोमासच्या नावाने पानांनी शोषायचे. आणि ज्याला पुरे झाले, तोच 'धन्यवाद' म्हणतो. मग त्याची पाळी येत नाही.

निमिया ही झुनिल्डाच्या खोलीतली मैत्रीण. पूर्वी थर्मास रिकामा होईपर्यंत ती पाळी सोडत नसे. एका वर्षी ती पहिल्याच घोटाला धन्यवाद म्हणू लागली. पुढे जेवणाला, वर्गाला, आईच्या फोनलाही तिचे तेच उत्तर.

झुनिल्डाने विद्यापीठातल्या मनोविकारतज्ज्ञ फ्रेतेसबाईंचे नाव काढले. तेरेरेसाठी खलात पुदिना कुटणारा त्यांचा मित्र डेर्लिस निमियाला म्हणाला, "तिकडे वेडे जातात गं. माझ्या आजीचा औषधी पाला घे, नाचायला लागशील."

"आणि तुझी दाढ सुजली तेव्हा डॉक्टरच्या खुर्चीत 'आई गं' कोण ओरडत होतं? पाला तेव्हाही होता की." झुनिल्डाने सुनावले.

सगळे हसले. निमिया हसली नाही. आपण प्रार्थना करत आहोत, तेवढे पुरे, असे ती म्हणाली. दोघीच उरल्यावर हळूच बोलली, "झुनी, मी नसले तर ही खोली तुला ऐसपैस होईल."

मी झुनिल्डाच्या हातात होते. तिने सरळच विचारले, "तू मरायचा विचार करतेयस?"

निमियाने होकारार्थी मान हलवली.

झुनिल्डाने मला रिकामे केले, नवी पाने भरली, पहिले पाणी ओतले. "हे कुणाचं?"

"संत तोमासचं."

"प्रभू मरणातून उठला, यावर त्या शिष्याला शंका आली, तेव्हा प्रभूने काय केलं? खिळ्यांची जखम दाखवली, निमे. लपवली नाही. प्रभूला जखमेची लाज वाटली नाही, मग तुला कसली वाटते? प्रार्थना कर. आणि ऊठ, मी बरोबर येते."

फ्रेतेसबाईंच्या दाराबाहेर बाक होता. झुनिल्डाने मला भरून पुढे केले. निमियाने अर्धाच घोट घेतला, तोच आतून नाव पुकारले गेले. आता तो शब्द येणार, असे मला वाटले. तिने मला मैत्रिणीच्या हातात ठेवले.

"माझी पाळी राखून ठेव. येते परत."

एका भेटीत चमत्कार झाला नाही. औषध लागले, वेळ लागला, रडणे लागले. चमत्कार एवढाच की ती पुन्हा पुन्हा गेली, आणि पुढच्या वर्षी परीक्षेला बसली.

आज माझी कड सैल झाली आहे. पाणी निमिया ओतते. 'मंगळवारी मी डॉक्टरांकडे असते,' असे ती चारचौघांत सांगते. परवा सगळे उठले, डेर्लिस मागे राहिला. त्याने विनोद केला नाही.

"त्या बाईंचं दार कुठलं गं?"

निमियाने मला काठोकाठ भरून त्याच्या हाती दिले. "पी आधी. मग दाखवते. मीच येते की."

वाचका, मी पोकळ आहे म्हणून माझ्यात पाणी मावते; पोकळीची लाज धरू नकोस. देवाने तुझी पाळी राखली आहे. तहान असताना धन्यवाद म्हणू नकोस.