बिनदाराच्या घरातलं कुलूप

मित्रांनो, माझ्या पोटावर हात फिरवून बघा. पितळ अजून गार लागेल. मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पट्टे कुजले, दांडा वाकला, तोटीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं. पण एका हिवाळ्यात दोन मित्रांमधला संशय मी पाठीवरून वाहिला, तो ओल्या औषधापेक्षा जड होता. तेवढं सांगतो.

शिंगणापूरच्या शिवारात बन्सी आणि गोरक्ष यांचे द्राक्षाचे मळे बांधाला बांध लावून होते. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी एकाच विहिरीचं पाणी पाळीनं वेलांना पाजलं आणि मळे जगवले. मलाही त्यांनी सामाईकच घेतलं. एक दिवस याच्या पाठीवर, एक दिवस त्याच्या. औषधाचा डबाही एकच. तो बन्सीच्या ओसरीवरच्या कोनाड्यात असायचा. या गावात घरांना चौकट असते, दार नसते. कोणी चोरी करत नाही आणि कुलूप कोणाच्या घरी नाही.

थंडी पडली की द्राक्षावर भुरी येते. पानावर, घडावर कोणी चुलीतली राख फुंकावी तशी बुरशी बसते, आणि मग मणी तडकतात. पूर्वी त्यावर गंधक मारत. पिवळी भुकटी फडक्यात बांधायची आणि वेलांवर झटकायची. डोळे चुरचुरायचे, हात पिवळे व्हायचे. मग बाजारात नवी पांढरी पूड आली. ती पाण्यात कालवून माझ्या पोटात भरायची. ती पानावर नुसती बसत नाही, पानाच्या अंगात भिनते, असं दुकानदार सांगायचा.

पहिल्या हिवाळ्यात तिनं जादू केली. वेल न्हाऊन आल्यासारखे हिरवे झाले. पुढच्या खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेत, बन्सीनं मला झेंडूची माळ घातली. गंधकाची उरलेली पिशवी गोरक्षाकडं ढकलून तो म्हणाला, "घे, हा बुवाचा अंगारा तुला. लाव कपाळाला."

चारचौघं हसली. गोरक्षही हसला, पण पिशवी घेऊन गेला.

दुसऱ्या हिवाळ्यात बन्सीनं त्या पुडीशिवाय दुसरं काही हातात धरलं नाही. आठवडा झाला की फवारणी. तरी भुरी आली. त्यानं पूड वाढवली. भुरीही वाढली. मग त्याचा पहिला संशय माझ्यावर. त्यानं माझी तोटी उघडली, वायसर बदललं, नळीत फुंकून पाहिलं. मी निर्दोष निघालो. तेव्हा त्याची नजर बांधापलीकडं गेली. गोरक्षाचा मळा हिरवागार होता.

"डबा एक, पंप एक," बन्सी बायकोला, मनकर्णेला म्हणाला. "मग त्याचंच कसं साधतंय? खरी पूड त्यानं काढून नेली असंल. डब्यात रांगोळी भरून ठिवली तर कोनाला कळतंय? घराला दार न्हाई."

मनकर्णा म्हणाली, "दार आजवर बी नव्हतंच की. आताच कशी नजर गेली तिकडं?"

मित्रांनो, खरं सांगू? माझ्याही मनात काळं आलं. गोरक्षाच्या पाळीला तो माझ्या पोटात एखादीच फवारणी भरायचा, बाकी दिवस मी त्याच्या गोठ्यात कोरडाच. तरी त्याचे वेल ताजे. पट्टा उचलताना त्याच्या नखांत काही पिवळं दिसायचं, आणि कोणी आलं की तो हात धोतराला पुसायचा. लपवल्यासारखा. काय लपवतोय हा?

मग बन्सीनं सोनईच्या बाजारातून कुलूप आणलं. डबा पेटीत गेला, पेटीला कुलूप, किल्ली करदोड्याला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर भागूबाई म्हणाली, "बन्सीच्या घरी कुलूप आलंय म्हनं."

"कोनाकडचं पावनं?" छबूबाईनं विचारलं, आणि घागरी भरता भरता बायका हसल्या. मनकर्णा खाली मान घालून परत आली.

गोरक्ष त्याच्या पाळीला डबा न्यायला आला. कोनाडा रिकामा, पेटीला कुलूप.

"हे काय, बन्सी?"

"उंदीर लई झाल्यात."

गोरक्षानं कुलूप हलवून पाहिलं. "आमच्याकडं बी हाईत उंदीर," तो म्हणाला. "पन ते किल्ली मागत न्हाईत." त्यानं मला खांद्यावरून उतरवून ओसरीवर ठेवलं. "ह्यो बी तूच ठिव."

"सामाईक हाय त्यो. मोडीत घालू आन् अर्धं अर्धं घिऊ."

झालं. येत्या बाजारी माझं पितळ मोडीत जाणार होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर मनकर्णेची ओवी मी ऐकली:

येलाच्या पानावरी, पांढरी ग साय,
मैतराच्या मनामंदी, कोन शिरलं हाय?

दळण आटोपून ती बन्सीला म्हणाली, "अवो, मोडायचं तर मोडा. पन आधी शेतकी सायबाला पानं दावा. रोग न बघता शेजाऱ्याला चोर म्हनू नये."

सुमंत साहेब सायकलवरून आले. बन्सीनं पेटी उघडून डबा पुढं केला, "ह्यात रांगोळी हाय का बघा." साहेबांनी तो बाजूला ठेवला. स्वतः आणलेला सीलबंद डबा फोडला आणि त्यातली पूड माझ्यातून एका ओळीवर फवारली. आठवड्यानं येऊन पाहतात, तर त्या ओळीवरही राख तशीच.

बन्सीच्या संशयाला आता जायला वाट उरली नाही. साहेब बांध ओलांडून गोरक्षाच्या मळ्यात गेले. एक पान चोळलं, हुंगलं.

"गंधक मारता?"

गोरक्षानं पिवळे हात पुढं केले. "व्हय. पहाटं, दव असताना. ह्यो अंगारा म्हनून हसतो, मग कुनाला सांगायचं?"

साहेब म्हणाले, "बन्सीराव, पूड खरीच आहे. पण भुरीत एखादी बुरशी अशी असतेच जिला ही पूड बाधत नाही. तुम्ही बाकीच्या मारल्या, ती राहिली. दर आठवड्याला तीच पूड, म्हणजे तिलाच रान मोकळं. गंधकाला मात्र ती अजून दबते. म्हणून औषधं आलटून पालटून मारायची."

"म्हंजी चाळनीवर उरल्यालं खडं आमीच पुन्यांदा पेरलं," मनकर्णा म्हणाली.

दुसऱ्या पहाटेपासून दोन्ही मळ्यांत गंधकाची फडकी झटकली गेली. बन्सीच्या वरच्या ओळीचे घड गेले ते गेलेच. खालचे वाचले, आणि मीही वाचलो. पुढं पांढरी पूड हंगामात एखाद्या वेळी, मध्ये गंधक, असा पाळीचा नेम पडला.

मित्रांनो, पिकाला रोज एकच औषध पाजू नका. ते रोगाच्या अंगवळणी पडतं. आणि वेलावर राख दिसली तर आधी पान उलटून बघा, शेजाऱ्याचं घर नंतर. मलाही फवारून झाल्यावर स्वच्छ पाण्यानं धुवत जा. शिळं औषध आणि शिळा संशय दोन्ही आतून कुरतडतात.

पुढच्या खंडेनवमीला बन्सी मला आणि डब्याला घेऊन गोरक्षाच्या चौकटीत उभा राहिला.

"यंदा दोन्ही तुझ्याकडं ठिव."

"माझ्याकडं कुलूप न्हाई," गोरक्ष म्हणाला.

"म्हनूनच आनलंय," बन्सी म्हणाला, आणि डबा त्यानं उघड्या कोनाड्यात ठेवला.